रात्रीचे जेवण व झोप यांबाबत

माणसाच्या नावावर काय काय असतं! कुणाच्या नावावर घर असतं, कुणाच्या नावावर एखादा विक्रम असतो, कुणाच्या नावावर निदान एखादी अफवा तरी असते. माझ्या नावावर एक सरकारी फाईल आहे. चांगली जाडजूड, फितीने बांधलेली, आणि वर टपोऱ्या अक्षरांत विषय : 'रात्रीचे जेवण व झोप यांबाबत.' पंचवीस वर्षं मी इतरांच्या फायली सांभाळल्या, झटकल्या, हरवल्या आणि पुन्हा सापडवल्या. त्या सगळ्यांनी मिळून माझ्यावर सूड उगवला असावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सुरुवात उशीपासून झाली. एका मंगळवारी रात्री बायकोने आपली उशी उचलली, पांघरूण काखेत मारलं आणि ती बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपायला गेली. भांडण वगैरे काहीच नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडण मला मिटवता येतं. म्हणजे ती मिटवते आणि मी हजर असतो.

सकाळी मी चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, बाहेर का झोपलीस? माझं घोरणं वाढलंय का?"

"घोरण्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "तेवीस वर्षांत कानांना सवय झालीय. पण आता तुम्ही बोलायला लागलात."

"काय बोलतो?"

"मी सगळं आवरून येऊन आडवी झाले की तुम्ही म्हणता, 'खिडकी बंद झाली. उद्या या.' काल पाणी प्यायला उठले आणि परत आले, तर म्हणालात, 'अर्ज दोन प्रतींत आणलाय का?'"

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी नक्कल विभागात आहे. म्हणजे लोकांना आपल्या जुन्या कागदांची सहीशिक्क्याची नक्कल हवी असते, ते खिडकी क्रमांक चारवर येतात आणि खिडकीच्या आत मी असतो. 'उद्या या' हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणतो हे मोजलेलं नाही. पण ते माझ्या तोंडात इतकं बसलंय की झोपेतही ते आपलं काम चोख करत असणार. तरीही स्वतःच्या बायकोला खिडकीतून परत पाठवणं जरा जास्तच झालं.

"अगं, झोपेतलं बोलणं कुणी मनावर घेतं का?"

"मनावर नाही घेतलं. उद्या येईन," असं म्हणून ती कप विसळायला गेली. आणि तो उद्या काही उजाडेना. आठवडा झाला, दोन झाले. रात्री जाग आली की पलीकडची अर्धी गादी सपाट दिसायची. मला करमत नव्हतं. पन्नाशीच्या माणसाने असं काही कुणाला सांगायचं नसतं, म्हणून मी सांगितलं नाही. पण तिने परत आपल्या जागेवर यावं, एवढी एकच गोष्ट मला त्या दिवसांत हवी होती. पुढचं सगळं रामायण त्यापायी घडलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक कंपाउंडर राहतात. तीस वर्षं त्यांनी डॉक्टरांच्या हाताखाली काढली, आणि डॉक्टर वारल्यावर त्यांच्या मते दोघांचंही ज्ञान त्यांच्याकडे आलं. जिन्यात त्यांनी मला धरलं. बायको सोफ्यावर झोपते हे त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही. आमच्या इमारतीत असल्या गोष्टी पाण्याच्या नळातून येतात.

"जेवता किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"दहा."

"काय?"

मी सांगितलं. खरं तर मला माझ्या रात्रीच्या जेवणाचा अभिमान होता. दुपारी डबा घाईत उरकावा लागतो, म्हणून रात्री मी सूड घेतल्यासारखा जेवायचो : भात तीनदा, बटाटा दोनदा, वर गोड काही असेल तर ते, आणि नसेल तर ते का नाही याची चौकशी. साडेदहाला मी गादीवर असायचो.

कंपाउंडरांनी डोळे मिटले. "अहो, पोटाला रात्रपाळी लावून मालक झोपायला जातो, मग पोट शांत बसेल का? अन्न वर ढकलतं, श्वास अडतो, झोप कच्ची राहते. कच्च्या झोपेत माणूस बोलतो. साडेसहाला जेवा. हलकं जेवा. महिन्याभरात फरक नाही पडला तर मला येऊन सांगा."

महिन्याभरात फरक नाही पडला तर काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही.

बातमी फुटल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या मावशी म्हणाल्या, डाव्या कुशीवर झोपा. खालचे पीटीचे मास्तर म्हणाले, उजव्या कुशीवर, आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा. मी दोन दिवस चावून पाहिलं. एकोणिसाव्याला कुणीतरी काहीतरी विचारायचं, आकडा चुकायचा आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. एका उकडलेल्या बटाट्याला पंचवीस मिनिटं लागली. मुलगी समोर बसून पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवताय की त्याची मनधरणी करताय?"

शेवटी मी कंपाउंडरांचा सल्ला मानला. घरात जाहीर केलं : उद्यापासून मी साडेसहाला जेवणार. सूप, पाव, एक उकडलेलं अंडं किंवा बटाटा, बस्स. बायकोने "बरं" म्हटलं. ती एवढंच म्हणाली म्हणजे तिला पटलं, असा माझा समज.

आता, घरातली गोष्ट म्हणून मी ती अशीच सोडायला हवी होती. पण पंचवीस वर्षांची सवय हाताला सोडत नाही. मी एक जाड वही आणली आणि पट्टी घेऊन रकाने आखले : अनुक्रमांक, दिनांक, काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, झोप लागण्याची वेळ, जाग आल्याची वेळ, घोरणे, बोलणे, शेरा. मनात योजना अशी की महिन्याभराचा पुरावा गोळा करायचा आणि तिच्यापुढे ठेवायचा. पुराव्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

घोरण्याच्या आणि बोलण्याच्या रकान्यांना मात्र साक्षीदार लागणार होता, कारण त्या वेळी मी स्वतः गैरहजर असतो. माझे वडील भिंतीपलीकडच्या खोलीत झोपतात. त्यांना झोप कमी आणि ऐकू चांगलं येतं. त्यांनी ही जबाबदारी फारच मनावर घेतली. रोज सकाळी दात घासायच्या आधी चष्मा लावून ते वही मागायचे, त्या दोन रकान्यांत 'होय' किंवा 'नाही' लिहायचे आणि पुढे सही करायचे. पाचव्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'अर्धवट.' मी म्हटलं, "बाबा, अर्धवट म्हणजे काय? एकतर होतं किंवा नव्हतं." ते म्हणाले, "सुरुवात केलीस आणि सोडून दिलंस. लहानपणापासून तुझं असंच आहे."

पण आश्चर्य म्हणजे उपाय लागू पडला! पहिला आठवडा भुकेने जीव कासावीस झाला, हे मी मान्य करतो. अनुक्रमांक सातला मी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी उठून अंधारात एक बटाटा खाल्ला, आणि तोही प्रामाणिकपणे नोंदवला. इतरत्र मला थोडंफार खोटं बोलता येतं, पण आखलेल्या रकान्यात नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र नऊला डोळे मिटायचे ते एकदम साडेपाचला उघडायचे. घोरणं नाही, बोलणं नाही. सकाळी मी इतका ताजातवाना असायचो की खिडकीत लोकांना 'आजच घेऊन जा' असं म्हणून गेलो आणि ते घाबरून परत विचारू लागले.

अडचण आली ती हेडक्लार्कांमुळे. आमची कचेरी सुटते साडेपाचला, पण त्यानंतर दिवसभरात किती नकला दिल्या आणि किती राहिल्या याचा मेळ घालायला हेडक्लार्क सगळ्यांना सहापर्यंत बसवतात. तो महिना ते रजेवर होते, म्हणून मी साडेपाचला सटकून सव्वासहापर्यंत घरी पोचायचो. ते परत आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"कुठे निघालात?"

"जेवायला."

त्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. "अर्ज द्या," ते म्हणाले.

मी अर्ज दिला. त्यावर त्यांचा शेरा आला : 'लवकर जाण्याच्या मान्य कारणांत आजार, साक्ष, व कुटुंबातील मृत्यू ही कारणे आहेत. जेवण नाही. पुराव्यासह सविस्तर सादर करावे.' पुरावा! पुरावा तर माझ्याकडे रकान्यांत आखलेला होता. दुसऱ्या दिवशी मी वही कचेरीत नेली आणि दुपारच्या सुट्टीत तिच्यातले उतारे काढायला बसलो.

आता आमच्या कचेरीची एक पद्धत सांगतो. टेबलाच्या उजव्या बाजूला असतो तो चालू कागद, आणि डाव्या बाजूला ठेवला की तो वर पाठवायचा कागद. दुपारी दोन वाजता जावक विभागाच्या बाई टोपली घेऊन फिरतात आणि प्रत्येक टेबलाच्या डावीकडचं सगळं उचलून नेतात. काय आहे हे त्या पाहत नाहीत. पाहिलं तर वेळ जातो. ही पद्धत मीच सुचवली होती, आठ वर्षांपूर्वी, आणि त्याबद्दल माझं लेखी कौतुकही झालं होतं.

त्या दुपारी माझ्या टेबलाच्या उजव्या बाजूला जेवणाचा डबा होता. म्हणून वही मी डावीकडे ठेवली आणि हात धुवायला गेलो.

परत येऊन पाहतो तर टेबल मोकळं! धावत जावक विभागात गेलो. बाई शाईच्या गादीवर शिक्का दाबत होत्या.

"बाई, माझी एक वही चुकून—"

"जाड? रकान्यांची? गेली. शिक्का बसला, नंबर पडला."

"अहो, ती खाजगी आहे. माझ्या झोपेची वही आहे ती."

"तुमची असो नाहीतर माझी असो, नंबर पडला की ती कचेरीची," बाई म्हणाल्या, आणि मग जरा आवाज खाली आणून, "बाय द वे, अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं."

वरचं कार्यालय म्हणजे खरोखरच वरचं. आम्ही पहिल्या मजल्यावर, ते तिसऱ्या. मी दोन जिने चढून गेलो असतो तर दोन मिनिटांत वही दिसली असती. पण कागद जिन्याने जात नाही. तो जावकेतून टपालात, टपालातून आवकेत, आणि आवकेतून टेबलावर जातो, आणि ह्या प्रवासाला त्याला दहा दिवस लागतात. हेडक्लार्कांनी स्पष्ट सांगितलं, "परत हवी असेल तर मागणीपत्र द्या. मागणीपत्राला विषय लागतो. विषयाला फाईल लागते." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने फाईल उघडून विषय लिहिला. तो विषय तुम्हाला ठाऊकच आहे. मात्र माणूस वाईट नाही. म्हणाले, "प्रकरण प्रलंबित असेपर्यंत साडेपाचला जात जा. निकाल लागला की बघू."

तीन आठवड्यांनी फाईल खाली आली, पण वहीशिवाय. सोबत चार पानी आक्षेप होते. 'अनुक्रमांक ७ : रात्री २.१० वाजता उकडलेला बटाटा, नग एक. प्रयोजन नमूद नाही. खुलासा करावा.' 'अनुक्रमांक १२ : बिस्कीट हा शब्द खोडलेला दिसतो. खाडाखोडीवर सही नाही. बिस्कीट खाल्ले किंवा कसे?' 'अनुक्रमांक ५ : अर्धवट घोरणे ही संज्ञा कोणत्या नियमान्वये?' आणि समासात, पेन्सिलने, वेगळ्याच अक्षरात : 'सूप कशाचे? घरून विचारत आहेत.'

खाली येईपर्यंत ती फाईल नऊ टेबलांवरून फिरली होती आणि प्रत्येक टेबलाने तिच्यात भर घातली होती. एकाने लिहिलं होतं, 'माझ्याही बाबतीत हाच अनुभव.' दुसऱ्याने, 'माझ्या बाबतीत नाही.' तिसऱ्याने आपल्या सासऱ्यांच्या झोपेचं दीड पान जोडलं होतं. माझी अब्रू मात्र पार गेली. जिन्यात अनोळखी माणसं मला थांबवून विचारायची, "ते बटाट्याचे साहेब आपणच ना?" एकदा एक गृहस्थ खिडकीत आले, नक्कल वगैरे काही मागितली नाही, आत वाकून हळूच म्हणाले, "केळं चालतं का हो रात्री?" मी ताठ बसून सांगितलं की ही खिडकी केवळ नकलांसाठी आहे. मग चालतं असंही सांगितलं.

हे सगळं मी सोसलं असतं. दुखत होतं ते दुसरंच. वही वर गेली तरी मी पुरवणी कागदावर नोंदी चालू ठेवल्या होत्या, आणि सलग साठ रात्री पूर्ण झाल्या तेव्हा मी बायकोसमोर तो कागद ठेवला.

"साठ दिवस," मी म्हटलं. "त्यातले त्रेपन्न दिवस घोरणं नाही, बोलणं नाही. बाबांच्या सह्या आहेत."

तिने कागद नीट वाचला. "छान झालं," ती म्हणाली. "तुमचा चेहराही उजळलाय." आणि रात्री पुन्हा उशी उचलून बाहेर गेली.

मी गादीवर बसून राहिलो. म्हणजे कारण घोरणं नव्हतं, बोलणंही नव्हतं. मग काय होतं? कंपाउंडर म्हणाले, गादी बदला. मावशी म्हणाल्या, पलंगाची दिशा बदला. मास्तर म्हणाले, बायका अशाच असतात. आणि हे ते त्यांची बायको घरात नसताना म्हणाले. मुलीने मात्र अभ्यासाच्या वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "आईला विचारलंत का?"

"विचारायचं काय? पुरावा समोर आहे," मी म्हणालो. मला आज ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

शेवटी वरून बोलावणं आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांत मोठ्या अधिकारी एक बाई आहेत. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. निवृत्तीला वर्षभर राहिलंय आणि त्यांनी आजवर एकही कागद न वाचता सही केलेली नाही, अशी त्यांची ख्याती. त्यांच्या टेबलावर माझी वही उघडी होती. मी उभा होतो. शाळेत मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं तसा, हात मागे बांधून.

"नोंदी चोख आहेत," त्या म्हणाल्या. "बटाट्याचा खुलासाही मान्य. भूक हे कारण पुरेसं आहे. मूळ तक्रार कोणाची होती?"

"पत्नीची, मॅडम."

"त्यांचा जबाब?"

त्याचा रकाना मी आखलाच नव्हता.

"वडिलांच्या रोजच्या सह्या आहेत. शेजाऱ्यांचे सल्ले आहेत. ह्या कोण्या सासऱ्यांचीही माहिती आहे. आणि तक्रारदाराचं एक अक्षर नाही?" त्यांनी चष्मा काढला. "एकतर्फी प्रकरण मी निकाली काढत नाही. जबाब घ्या आणि लावा."

त्या संध्याकाळी साडेसहाचं सूप संपवून मी कोरे कागद आणि पेन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्यापाशी वाटाणे सोलत होती.

"तुझा जबाब घ्यायचाय," मी म्हटलं. "वरून आदेश आहे."

आधी ती इतकी हसली की दोन वाटाणे खाली पडले आणि ओट्याखाली गेले. मग तिने हात पुसले, स्टूल ओढलं आणि म्हणाली, "लिहा."

मी लिहिलं, 'सदरहू तक्रारदार असे कथन करतात की—'

"मी सदरहू म्हटलेलं नाही. खोडा. आणि खाडाखोडीवर सही करा, नाहीतर परत येईल."

मी खोडलं आणि सही केली.

"लिहा : माझ्या नवऱ्याचं घोरणं थांबलेलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही."

"मग बाहेर का झोपतेस?"

"सांगतेय ना. क्रमाने लिहा. तुम्हाला क्रमाने आवडतं. साडेसहाला नवरा जेवतो. त्याचं सूप, पाव, अंडं वेगळं. सासरे साडेसातला जेवतात. त्यांना सूप चालत नाही, त्यांना भातच लागतो, आणि तो गरम लागतो. मुलगी सव्वानऊला क्लासवरून येते, ती भुकेने आलेली असते, तिला ताजं काहीतरी लागतं. मग भांडी. मग उद्याच्या सूपची भाजी चिरून ठेवायची. अकराला मी जेवते."

माझं पेन थांबलं. "अकराला?"

"लिहा. अकराला. ओट्यापाशी, उभ्याने. सगळ्यांचं उरलेलं. एवढ्यासाठी ताट कोण घेणार?"

"कधीपासून?"

"तुम्ही साडेसहाला जेवायला लागल्यापासून. आधी दहाला का होईना, सगळे एकत्र जेवायचो. एकदाच गरम करायचं, एकदाच आवरायचं. आता चार पंगती होतात." ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती, वाण्याकडची यादी वाचावी तसं सांगत होती. "अकराला जेवून लगेच आडवं झालं की छातीत जळजळ होते. सोफ्याच्या हाताला दोन उशा लावून अर्धवट बसून झोपता येतं, म्हणून सोफा. आधी गेले होते ती तुमच्या बोलण्यामुळे, पण ते थांबेपर्यंत हे सुरू झालं. झोप लागेपर्यंत दोन वाजतात. आत येऊन उठबस केली असती तर तुमची झोपमोड झाली असती. तुमची इतकी छान चालली होती."

मी खाली मान घालून लिहीत राहिलो. अक्षर काही सुंदर येईना. रात्री उशिरा जेवल्याने झोप बिघडते, हे सिद्ध करण्यासाठी मी वही आखली, साक्षीदार नेमला, दोन मजल्यांची कचेरी कामाला लावली. आणि ते तर माझ्याच घरात रोज अकरा वाजता सिद्ध होत होतं, फक्त दुसऱ्या माणसावर. मला लाज वाटली.

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही विचारलंत का?" ती म्हणाली. मग हात पुढे केला. "द्या इकडे, सही करते. आणि तारीख घाला, तारीख विसरलात."

जबाब मी दुसऱ्या दिवशी स्वतः जिना चढून नेऊन दिला. टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवायची माझी हिंमत झाली नाही. मोठ्या बाईंनी तो उभ्या उभ्याच वाचला, मग बसून पुन्हा वाचला. "आमच्याकडेही साडेदहा होतात," असं काहीतरी त्या खिडकीकडे पाहत म्हणाल्या. ते मला उद्देशून होतं की नाही, सांगता येत नाही. मग त्यांनी पेन उचललं आणि आदेश लिहिला : 'अर्ज फेटाळण्यात येत आहे. अर्जदाराने साडेसहास एकट्याने जेवण्याचे कोणतेही सबळ कारण दिसून येत नाही. प्रकरण निकाली.'

पंचवीस वर्षांत माझा एकही अर्ज इतक्या योग्य कारणाने फेटाळला गेलेला नाही.

घरी मी नवी व्यवस्था जाहीर केली. म्हणजे, ह्या वेळी जाहीर करण्याआधी विचारली. सगळ्यांनी साडेसातला एकत्र जेवायचं, सगळ्यांनी तेच जेवायचं, आणि जेवणानंतरचं स्वयंपाकघर माझ्याकडे. बाबा म्हणाले, भातात सूप घालून खाल्लं तर त्यांची हरकत नाही. मुलगी म्हणाली, क्लासची चारची बॅच कधीपासून रिकामी आहे, तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. असं लक्षात येत गेलं की आमच्या घरात बरेच प्रश्न न विचारल्यामुळे सुटायचे राहिले होते. कंपाउंडर जिन्यात म्हणाले, "साडेसात म्हणजे तासभर उशीर झाला." मी म्हटलं, "वरून आदेश आहे."

पहिल्या दिवशी जेवणं आठला संपली. सगळ्यांची, तिचीसुद्धा, बसून. मी बाह्या वर करून ओट्यापाशी उभा राहिलो. भांडी घासण्यातही मी पद्धत सोडली नाही : आधी आकारमानाने लावली, मग लहानांपासून सुरुवात केली, आणि कढई शेवटी आल्यावर कळलं की ती आधी भिजत घालायची असते. एक पेला फुटला. बायको दोनदा दारात येऊन उभी राहिली, दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं आणि परत गेली. तिला हातांचं काय करावं हे समजत नव्हतं. थोडा वेळ तिने खिडकीत उभं राहून बाहेर पाहिलं, थोडा वेळ मुलीशी काहीतरी बोलत हसली, आणि नऊच्या सुमारास म्हणाली, "मी जरा पाठ टेकते."

मी ओटा पुसून, फडकी वाळत घालून, दिवा मालवून मोकळा झालो तेव्हा दहा वाजून गेले होते. बाहेरच्या खोलीत सोफा रिकामा होता. चपला काढून, बोटांवर चालत, मी आत गेलो.

ती गादीवर होती. गादीभर होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी, एक हात माझ्या उशीवर, तोंड जरासं उघडं, चांगली गाढ झोपलेली. छातीत जळजळ नाही, दोन उशा नाहीत. मी दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. तिला जरा सरक म्हटलं असतं तर ती सरकली असती, आणि जागी झाली असती. माझ्या अगदी जिवावर आलं. तिच्या हाताखालून उशीही काढवेना. मी कपाटातली जुनी चादर घेतली, तिची घडी घालून डोक्याखाली घ्यायची ठरवली आणि बाहेर येऊन सोफ्यावर आडवा झालो.

सोफा मला आखूड होता. पाय सोफ्याच्या हातावरून बाहेर लोंबत होते. आणि मधोमध, बरोबर बरगडीखाली, एक स्प्रिंग वर आलेली होती. ह्या कुशीवर वळलं तरी टोचायची, त्या कुशीवर वळलं तरी टोचायची. तीन महिने ती ह्यावर झोपली होती, आणि एवढ्या मोठ्या जबाबात तिने त्या स्प्रिंगबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं.